हॉस्पिटलशी भांडण झालंय: आधी वकील गाठायचा की रुग्णहक्क कार्यकर्ता?

गेल्या काही वर्षांत दोन्ही करून झालंय. वडिलांच्या वेळी वकील केला, आत्याच्या वेळी रुग्णहक्काचं काम करणाऱ्या एका ताई भेटल्या. दोनच केसेसचा अनुभव आहे, तुमचं वेगळं असू शकतं, त्यामुळे जरा सांभाळूनच लिहितोय.

ग्राहक आयोग म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकून भरपाई देऊ शकणारं कोर्टासारखं ठिकाण, आणि मेडिकल कौन्सिल म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करून त्यांच्यावर लक्ष ठेवणारी संस्था. 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. मेडिकल कौन्सिल डॉक्टरवर कारवाई करू शकतं पण तुम्हाला भरपाई देत नाही. आणि आयोगात वकील असलाच पाहिजे असंही नाही, स्वतः उभं राहता येतं. प्रश्न एवढाच की पहिल्या आठवड्यात कोणाच्या दारात जायचं.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो कागदांचा. वडिलांच्या ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, आम्हाला फक्त समजून घ्यायचं होतं की नेमकं काय झालं. हातात डिस्चार्ज कार्ड आणि बिलं, आतले केस पेपर, नर्सिंग चार्ट, ऍनेस्थेशियाच्या नोंदी काहीच नाही. वकीलसाहेब हुशार, वकीलपत्रावर सही घेतली आणि आठवड्याभरात नोटीस पाठवली. चूक नाही त्यांची, त्यांचा धंद्याचा रिवाज तोच. पण नोटीस पोचली आणि त्या दिवसापासून हॉस्पिटलचं तोंड बंद. आधी रेकॉर्ड रूममधला मुलगा "दोन दिवसांनी या" तरी म्हणायचा, आता रिसेप्शनपासूनच "तुमचं मॅटर लीगलकडे आहे". मी वकिलांना फोन करायचो, ज्युनिअर उचलायचा, साहेब कोर्टात. साहेब कोर्टातच असणार, कबूल, पण चार महिने? शेवटी कागद आले तेव्हा त्यात दोन पानं कमी होती आणि मी कंटाळलो होतो.

आत्याच्या वेळी ताई स्वतः बरोबर आल्या. भांडण नाही, आवाज नाही. एका पानाचा साधा अर्ज, त्यात 2002 च्या मेडिकल कौन्सिल नियमांचा उल्लेख, की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितलं तर अर्जाची पोच द्यायची आणि 72 तासांत रेकॉर्ड द्यायचं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळेपर्यंत त्या खिडकीसमोरून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स हातात. मग सहज विचारल्यासारखं करून त्यांनी विचारलं की दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद (पेशंटच्या हक्कांची यादी) कुठे लावलीय, कारण खाजगी हॉस्पिटलांसाठीच्या, 2021 मध्ये बदललेल्या राज्याच्या नर्सिंग होम नियमांत ते बंधनकारक आहे. हॉस्पिटल ट्रस्टचं होतं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, त्यांनी थेट सोशल वर्करला गाठलं, कारण धर्मादाय हॉस्पिटलांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला आणि बिल बरंच खाली आलं.

आता वकिलाची बाजू, नाहीतर अन्याय होईल. खरंच निष्काळजीपणा असेल, संमती न घेता जास्तीचं ऑपरेशन केलं असेल, लाखांची भरपाई मागायची असेल, तर कार्यकर्त्याचं काम तिथे संपतं. तज्ज्ञ डॉक्टरचं मत मिळवणं, समोरच्याच्या उत्तरातली भोकं शोधणं, हे त्यांना जमत नाही आणि चांगला कार्यकर्ता तसं स्वतःच सांगतो. शिवाय या क्षेत्रात नुसतं लेटरहेड छापून कार्यकर्ते म्हणवणारे पण खूप, मोबाईलवर लाईव्ह करत घुसतात आणि नंतर सेटलमेंटमधला वाटा मागतात. अशांच्या नादात कोणी तोडफोड, हाणामारी केली तर 2010 च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे तो अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि मग तुमचीच केस व्हायची. जो पैशाचं आधी बोलतो त्याला लांबूनच नमस्कार.

एक गंमत (तेव्हा गंमत वाटली नाही). वकिलावर वैतागून मला वाटलं यांच्याविरुद्धच ग्राहक आयोगात जावं. तर मे 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की वकिलांची सेवा त्या कायद्यात येत नाही. गैरवर्तन असेल तर बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर लक्ष ठेवणारी संस्था, तिथे जायचं. म्हणजे डॉक्टरला आयोगात खेचता येतं, पण ज्याच्यामार्फत खेचायचं त्याला नाही.

त्यामुळे माझ्यापुरतं सांगायचं तर, पेशंट अजून ऍडमिट असेल किंवा कागद हातात नसतील तर मी आधी ताईंनाच फोन करेन, वकील नंतर, पण दोन वर्षांची मुदत डोक्यात ठेवून. कागद पूर्ण असतील आणि लढायचंच ठरलं असेल तर सरळ वकील. तक्रारदार बाई असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून (कायद्याची मोफत मदत देणारी सरकारी यंत्रणा) मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, उत्पन्नाची अट नाही. हे मला वकिलांनी नाही, ताईंनीच सांगितलं.