सोलर पॅनेलवर ‘५ वॅट’ लिहिलंय? आधी पट्टी लावून बघा

माझी भाची सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणारा पंप करायचा होता. त्यात बॅटरी नाही. ऊन पडलं की पंप सुरू, ऊन गेलं की बंद. मला कल्पना फार आवडली. सामानासाठी आम्ही दोघं पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. तिथं मी अनेक वर्षं खरेदी करतोय, चांगले दुकानदार भरपूर आहेत. आम्ही मात्र थांबलो ते रस्त्याकडेला टेबल मांडलेल्या एकापाशी.

त्याच्याकडे ११ बाय ६ सेंटिमीटरची पॅनेलं होती. मागं स्टिकर, ‘६ व्होल्ट, ५ वॅट’. एक ४५० रुपयांना. “चेक करून घ्या साहेब,” म्हणत त्यानं पॅनेल उन्हात धरलं आणि मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) लावला. ६.८ व्होल्ट दिसले. मी खूश. दोन घेतली, पैसे फोनवरून दिले, बिल मागितलं नाही.

घरी पंप जोडला, तर तो नुसता गुणगुणला. पाण्याचा थेंब नाही. दोन्ही पॅनेलं समांतर जोडून पाहिली, तरी तेच. भाचीनं दोन संध्याकाळी बसून एकेक जोड उकलला आणि पुन्हा सोल्डर केला. “मामा, माझंच काहीतरी चुकतंय,” असं ती म्हणाली. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. मालच खोटा असेल हे त्या पोरीच्या मनातही आलं नव्हतं.

रविवारी भर दुपारी पंप चालू असताना मीटर लावला. ६.८ चे व्होल्ट थेट १ च्या आसपास आले. मग पंप काढला, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घातली आणि दोन्ही टोकं सरळ पॅनेलला लावली. करंट फक्त १५० मिलिअँपिअर! वॅटला व्होल्टनं भागलं की करंट येतो, म्हणजे ६ व्होल्टला ५ वॅटसाठी ८०० च्या वर हवे होते. (लहान पॅनेलला असं केल्यानं काही होत नाही. बॅटरीला मात्र हे कधीही करू नका.)

त्यानं दाखवलेले व्होल्ट खरे होते, फसवणूक तिथंच आहे. काही जोडलेलं नसताना अगदी दुबळं पॅनेलसुद्धा उन्हात पूर्ण व्होल्ट दाखवतं. करंट त्यानं मोजलाच नाही. आणि खरं तर मीटरचीही गरज नव्हती. कडक उन्हात एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.१ वॅट ऊर्जा पडते. त्या पॅनेलचं क्षेत्रफळ ६६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे त्यावर पडणारं सगळं ऊनच ६.६ वॅटचं. चांगला सिलिकॉन सेल त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा विजेत बदलतो. लांबी-रुंदीचा सेंटिमीटरमधला गुणाकार करा, ५० ने भागा. जास्तीत जास्त तेवढे वॅट मिळतील. इथं येतात १.३. पाच कुठून येणार?

स्टिकरचा कोपरा नखानं उचलला. खाली छापलेलं होतं, ‘६ व्होल्ट १ वॅट’.

परत गेलो तर तो म्हणाला, “सोल्डर केलेला माल घेत नाही.” बिल नाही, दुकानाचं नाव नाही, मी काय दाखवणार? तुम्ही बिल घ्या, त्यावर वॅट लिहून घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोलायला हातात काहीतरी राहतं. आणि पॅनेलवर छापलेल्या अक्षरांवर वेगळं स्टिकर दिसलं, तर ते काढून दाखवायला सांगा.

नंतर त्याच भागातल्या एका दुकानातून प्रामाणिकपणे ‘१ वॅट’ लिहिलेली चार पॅनेलं आणली, बिलासकट. भाचीनं स्वतः पट्टी लावली, प्रत्येकाचा करंट मोजला, वहीत लिहिला आणि चारही समांतर जोडली. तिचं वायरिंग पहिल्यापासून बरोबर होतं. आता अकराच्या सुमारास ऊन गच्चीवर आलं की तुळशीच्या कुंडीत पाणी पडायला लागतं.