क्लॅम्प मीटर उत्तम, पण याला झोप फार!

नव्वदच्या दशकातली दोन सीटची स्पोर्ट्स कार, वर उघडणारे हेडलाइट, बॅटरी डिकीत. तीन दिवस उभी राहिली की चौथ्या दिवशी स्टार्टर नुसता टकटक करायचा. सर्व्हिसवाल्यांचं निदान ठरलेलं: बॅटरी गेली, नवी टाका. टाकली. तीही बसली. पुन्हा गेलो तर म्हणे, "जुन्या गाड्यांचं असंच असतं." हे ऐकायला पैसे मोजण्यापेक्षा वायर न तोडता, नुसती जबड्यात धरून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेतलेला बरा, म्हणून घेतला.

सुरुवातीला वाटलं, हा खोटारडाच निघाला. जबड्यात वायर नसतानाही ६० मिलिअँपिअर! बंद गाडी ५० च्या आत ओढत असेल तर ठीक म्हणतात, आणि हा हवेतच ६० दाखवतो. पण जबड्यातला सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, त्यामुळे पृथ्वीचं चुंबकत्वही त्यात येतं. जिथे लावायचा त्या जागेजवळ, त्याच दिशेत धरून झीरो दाबलं की आकडा पटण्यासारखा येतो. तेव्हा ती तक्रार मागे.

ऑटो-ऑफची मात्र मागे घेणार नाही. पंधरा मिनिटं झाली की हा बंद! गाडी लॉक केल्यावर अलार्म आणि आतले दिवे शांत व्हायला अर्धा तास द्यावा लागतो, खरा आकडा त्यानंतरच दिसतो. म्हणजे गाडी झोपायच्या आधी मीटर झोपतो. डिकी उघडी असूनही गाडीला ती बंद वाटावी म्हणून लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर फिरवून ठेवायचा, कार्पेट बाजूला करून निगेटिव्ह केबलपर्यंत हात घालायचा, आणि आकडा स्थिरावतोय तोच स्क्रीन कोरी. चालू केला की झीरो गेलेलं. पुन्हा काढा, झीरो करा, पुन्हा अडकवा. बऱ्याच मीटरमध्ये एखादं बटण दाबून धरत चालू केलं की ऑटो-ऑफ रद्द होतं. यात सगळी बटणं दाबून पाहिली, ती सोय नाही. कोणाच्या बॅटरीची एवढी काळजी? याच्या नऊ व्होल्टच्या? माझी मोठी बॅटरी मरतेय ना इकडे!

असो. काम मात्र चोख केलं. आकडा होता ०.३८ अँपिअर, म्हणजे दिवसाला नऊ अँपिअर-अवरच्या वर. लहान बॅटरी तीन दिवस तरी कशी टिकत होती! फ्यूज उपटत बसलो नाही, कारण परत लावताना झोपलेलं काहीतरी जागं होतं. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना प्रोब लावून मिलिव्होल्ट पाहिले. करंट वाहत असेल तिथे थोडे तरी दिसतात. सगळीकडे जवळजवळ शून्य. मग केबल एकेक करून जबड्यात घेतल्या, आणि अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या) जाड वायरवर जवळजवळ सगळे ०.३८ सापडले. इंजिन गार असताना अल्टरनेटर हाताला कोमट लागत होता! आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, उलटा गळत होता. ही वायर आतल्या फ्यूजबॉक्समधून जातच नाही, तिथले सगळे फ्यूज काढले असते तरी काही कळलं नसतं.

आणि गंमत म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट येत होते. सर्व्हिसवाले तेवढं बघून "चार्जिंग ओके" म्हणायचे. रेक्टिफायर, म्हणजे अल्टरनेटरमधला डायोडचा संच, बदलल्यावर खप २० मिलिअँपिअरवर आला. तेव्हा टाकलेली नवी बॅटरी अजून तीच आहे.

क्रँकिंगचा, म्हणजे स्टार्टर इंजिन फिरवतो तेव्हाचा, करंट मात्र यावर धड मोजता येत नाही, आकडा स्थिर व्हायच्या आत इंजिन सुरू होतं. मला त्याचं फारसं अडत नाही. पाचपैकी तीन तारे, कापलेले दोन्ही ऑटो-ऑफसाठी. घेणार असाल तर आधी मॅन्युअल उघडून ते बंद करता येतं का एवढं बघा, जबडा किती मोठा उघडतो वगैरे नंतर.