लायब्ररी गोठवून ठेवाव्यात की आपोआप अद्ययावत होऊ द्याव्यात? लहान चमूसाठी तुलना

वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बसून आम्ही दोघे जण कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरील पावत्यांचे सॉफ्टवेअर सांभाळतो. त्यात आम्ही लिहिलेल्या कोडपेक्षा इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींच्या, म्हणजे तयार कोडच्या संचांच्या, फायली कितीतरी पट अधिक आहेत. त्या अद्ययावत ठेवण्याचे मार्ग ढोबळमानाने दोन आहेत. एक तर लॉक फाइलच्या, म्हणजे बसवलेल्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या फाइलच्या, आधारे आवृत्त्या गोठवायच्या आणि आपल्या सवडीने त्या हलवायच्या, किंवा डिपेंडाबॉट अथवा रेनोव्हेट यांसारख्या साधनाला नवी आवृत्ती येताच बदल सुचवू द्यायचे. मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

गोठवण्याचा खरा लाभ असा की, आज आपल्या संगणकावर जे चालले तेच उद्या दुसऱ्या संगणकावर बसते. कोणत्या लायब्ररी हव्यात ते लिहिलेल्या पॅकेज-जेसन फाइलमध्ये ४.२.० च्या आधी कॅरेटचे चिन्ह (^) असेल, तर ४.९.० चालते, पण ५.०.० चालत नाही. लॉक फाइल मात्र नेमकी आवृत्ती आणि तिच्या मजकुराची हॅश-खूणही (मजकुरावरून काढलेली, तो बदलताच बदलणारी खूण) नोंदवते. जावास्क्रिप्टच्या लायब्ररी, म्हणजे पॅकेजे, उतरवणाऱ्या एनपीएम या साधनाची ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा त्या नोंदीप्रमाणेच फायली उतरवते आणि दोन्ही फायलींत मेळ नसेल तर थांबते. आम्ही सुरुवातीला लॉक फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवलीच नव्हती, शिवाय तारखा मांडणाऱ्या लायब्ररीपुढे आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ असे लिहून मोकळे झालो होतो. ऐन डिसेंबरात काट्यावरचा संगणक बदलला, तेव्हा त्या लायब्ररीची नवी मोठी आवृत्ती बसली, तारखेचा जुना साचा तिला मान्य होईना आणि पावती छापणेच बंद पडले. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना काटेवाल्याने दुपारपर्यंत कार्बन लावलेल्या पुस्तकात हाताने पावत्या फाडल्या आणि रात्री त्या सगळ्या आम्ही पुन्हा संगणकात भरल्या. चूक सर्वस्वी आमची होती.

परंतु गोठवलेले विसरले गेले की तेच अंगाशी येते. वेबसाठीच्या अपाची स्ट्रट्स या लायब्ररीतील दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती, तरीही अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीने ती सर्वत्र लावली नाही आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. डिसेंबर २०२१ मधील लॉगफोरजे या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या लायब्ररीच्या दोषाच्या वेळी तर अनेकांना ती लायब्ररी आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हते, कारण ती दुसऱ्या एखाद्या लायब्ररीच्या पोटातून आलेली होती. त्यातच पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने त्याच महिन्यात २.१५.० पासून २.१७.१ पर्यंत आवृत्त्या काढाव्या लागल्या. अशा वेळी हाताने लक्ष ठेवणारा मागे पडतो. साठवत गेलेली अद्यतने हा वेगळाच त्रास आहे, कारण तीन मोठ्या आवृत्त्या एकदम ओलांडताना बिघाड नेमका कुठल्या पायरीवर झाला हे शोधता येत नाही.

स्वयंचलित मार्ग इथे सरस ठरतो. बदल लहान येतो, वेगळा येतो, काय बदलले याची टीप त्याला जोडलेली असते आणि तपासणी दूरच्या सर्व्हरवर होत असल्याने आपल्याकडची लाइन गेली तरी अडत नाही. मात्र नवे म्हणजे सुरक्षित असे नव्हे. मार्च २०२४ मध्ये फायली आकुंचित करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. जुन्या आवृत्तीवर थांबलेले त्यातून वाचले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग या लोकप्रिय पॅकेजांच्या सांभाळकर्त्याचे खाते फसव्या ईमेलद्वारे बळकावून त्यांत घातक कोड घालण्यात आला. तो काही तासांतच हटवला गेला, पण तेवढ्या वेळात ज्याने आवृत्ती उचलली तो सापडला. म्हणून दोन्ही साधनांत असलेली, नवी आवृत्ती काही दिवस जुनी होऊ देण्याची सोय सुरू ठेवावी. डिपेंडाबॉटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्यांना ही प्रतीक्षा लागू होत नाही, हे सोयीचेच आहे.

निवड करताना सॉफ्टवेअर इंटरनेटला किती उघडे आहे हे मी आधी पाहीन. शेतकऱ्यांना मोबाइलवर भाव दाखवणारे संकेतस्थळ असेल, तर स्वयंचलित मार्गच घ्यावा. काट्यावरचा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नसेल, तर गोठवणे पुरे. आमचे काम दोन्हींच्या मधले असल्याने हंगामात, म्हणजे दिवाळीपासून साधारण मार्चपर्यंत, आम्ही केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या घेतो आणि मोठ्या आवृत्त्या मे महिन्यात, जिनिंग थंडावल्यावर, एकेक करून चढवतो. संथ इंटरनेटसाठी व्हर्डाचिओ हा छोटा सर्व्हर कार्यालयातच ठेवला आहे. एकदा उतरवलेले पॅकेज तो साठवून ठेवतो.

यांपैकी कोणताही मार्ग टेस्टशिवाय चालत नाही, आणि स्वयंचलित मार्ग तर मुळीच नाही. आमच्याकडे टेस्ट फार नाहीत, पण रिकाम्या गाडीचे वजन वजा होते का, ओलावा ८ टक्क्यांवर गेला की कपात लागते का आणि पावतीवर आजचीच तारीख छापली जाते का, या तीन टेस्ट पार झाल्याखेरीज कोणतेही अद्यतन आम्ही काट्यावर जाऊ देत नाही.