डब्ल्यूपीएफचे इफेक्ट: सावली झकास, पण अक्षरांपासून लांब ठेवा

विंडोजसाठी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिताना बटणाला किंवा कार्डाला सावली द्यायची असेल, तर डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन, म्हणजे असे पडदे बनवायचा मायक्रोसॉफ्टचा साधनसंच) वेगळी लायब्ररी शोधावी लागत नाही. २००८ साली डॉट नेट (डब्ल्यूपीएफ ज्यावर चालतं ते मायक्रोसॉफ्टचं व्यासपीठ) ३.५ च्या सर्व्हिस पॅक १ बरोबर आलेले ड्रॉपशॅडोइफेक्ट (सावली) आणि ब्लरइफेक्ट (धूसरपणा) अजूनही बहुतेक कामांना पुरतात. त्याआधीचे बिटमॅपइफेक्ट सगळा भार प्रोसेसरवर टाकायचे. डॉट नेट ४ पासून ते कोडमध्ये राहिले तरी पडद्यावर काहीच करत नाहीत. जुना प्रकल्प नव्या आवृत्तीवर नेल्यावर सावल्या गायब झाल्या, तर आधी तिथेच बघा.

सावलीचे मूळ आकडे बटबटीत आहेत: ब्लररेडियस (कड किती पसरट) ५, शॅडोडेप्थ (सावली किती लांब) ५, दिशा ३१५ अंश, रंग काळा आणि ओपॅसिटी (गडदपणा) थेट १. ब्लररेडियस १६ ते २०, डेप्थ २, दिशा २७० आणि ओपॅसिटी ०.२ च्या आसपास ठेवली की नजरेला न टोचणारी सावली मिळते. अंश उजवीकडून सुरू करून घड्याळाच्या उलट्या दिशेने मोजतात, त्यामुळे ९० दिलं तर सावली वर जाते. डेप्थ ० केली की चारही बाजूंनी सारखी आभा येते; फोकस दाखवायला ती उत्तम.

खरी खोट पुढे आहे. इफेक्ट लावलेला घटक पोटातल्या सगळ्यासकट आधी वेगळ्या बिटमॅपवर (पिक्सेलच्या चित्रावर) रंगवला जातो. त्या बिटमॅपवर क्लिअरटाइप (अक्षरं रेखीव दाखवायचं विंडोजचं तंत्र) चालत नाही, म्हणून आतली अक्षरं पुसट दिसतात. शिवाय आत काहीही बदललं, अगदी टेक्स्टबॉक्समधला कर्सर लुकलुकला, तरी इफेक्ट नव्याने रंगवावा लागतो. पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर आणखी मजा: सावली चौकटीऐवजी एकेका अक्षराची पडते!

उपाय सोपा आहे. ग्रिडच्या एकाच खान्यात एकावर एक दोन बॉर्डर (चौकटीचे घटक) ठेवा. खालची रिकामी, अपारदर्शक पार्श्वभूमीची. इफेक्ट फक्त तिला. वरची त्याच मापाची आणि त्याच गोल कोपऱ्यांची. मजकूर तिच्यात, इफेक्ट नाही. लांब यादीत ओळीगणिक सावली देण्याचा मोह टाळा, यादीमागे एकच पुरते.

लेआउटला सावलीची दखलच नसते. स्क्रोलव्ह्यूअर किंवा क्लिपटूबाउंड्स (हद्दीबाहेरचं छाटणारी सेटिंग) लावलेला बाहेरचा घटक ती कापतो, म्हणून आतल्या घटकाला साधारण ब्लररेडियसएवढी मार्जिन द्या. पॉपअपमध्ये अलाउजट्रान्सपरन्सी (पारदर्शकतेची परवानगी) चालू नसेल तर सावलीभोवती काळा चौकोन दिसतो.

ब्लरइफेक्टबद्दल अपेक्षा मात्र कमी ठेवा. तो घटकाला स्वतःलाच धूसर करतो, मागच्याला नाही. दुधी काचेसाठी मागच्या भागाचा व्हिज्युअलब्रश (त्या भागाचं चित्र रंगवणारा ब्रश) घेऊन तो धूसर करावा लागतो. एका घटकाला एकच इफेक्ट लावता येतो हीही अडचणच. दोन हवे असतील तर एकात एक बॉर्डर घालायची.

एवढ्यावर भागत नसेल तर शेडरइफेक्ट (शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम, स्वतः लिहायची सोय) आहे, आणि या संचातला सर्वांत ताकदवान भाग तोच. एचएलएसएल (शेडर लिहायची भाषा) फाइल एफएक्ससी या कंपायलरने संकलित करून मिळालेली पीएस फाइल प्रकल्पात रिसोर्स म्हणून टाकायची. पहिल्याच ओळीवर ‘बेकायदा अक्षर’ अशी तक्रार आली तर एचएलएसएल फाइल बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या न दिसणाऱ्या खुणेशिवाय) जतन करा. शक्यतो पिक्सेल शेडर २.० वर राहा; ग्राफिक्स कार्ड कामाचं नसेल तर तो प्रोसेसरवर तरी चालतो, ३.० ला ती सोय नाही. शेडरकडे रंग आधीच अल्फाने (अपारदर्शकतेच्या आकड्याने) गुणलेले येतात. रंगांवर गणित करण्याआधी अल्फाने भागा (तो शून्य नाही ना ते तपासून) आणि शेवटी पुन्हा गुणा, नाहीतर गोल कोपऱ्यांना चुकीच्या रंगाची कड उमटते.