अंतिम सामना: खेळ उत्तम, बाहेर पडण्याचा दरवाजा कुलूपबंद

सोलापुरात नुकत्याच झालेल्या एका फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मी अकरा वर्षांच्या भाच्याला घेऊन गेलो होतो. खेळाबद्दल तक्रार नाही; दोन्ही संघ जीव तोडून खेळले. हा अभिप्राय तिकिटाचे पैसे मोजून मिळालेल्या प्रेक्षक व्यवस्थेविषयी आहे.

सामना संपताच आमच्या बाजूची सारी गर्दी एकाच दरवाजाकडे वळली. त्या दरवाजाचे एक दार उघडे होते आणि दुसऱ्याला साखळी घालून कुलूप लावलेले होते. मागच्यांना पुढचे काही दिसत नसल्याने ते रेटत राहिले, आणि पुढच्यांना पाऊल टाकायला जागा नव्हती. “मामा, माझे पाय टेकत नाहीत,” असे भाचा म्हणाला, तेव्हा मी त्याला कसाबसा उचलून खांद्यावर घेतले. किल्ली कोणाकडे आहे, असे स्वयंसेवकाला विचारले, तर त्याने सुरक्षारक्षकाकडे बोट दाखवले आणि सुरक्षारक्षकाने आयोजकांकडे. कोणाला इजा झाली नाही, हे केवळ नशीब. घरी आल्यावर तिकीट उलटून पाहिले, तर मागे छापले होते: ‘प्रेक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रवेश करावा.’

ही ओळ मला फार अस्वस्थ करते, कारण इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हिल्सबरो मैदानावर 15 एप्रिल 1989 रोजी जे घडले, त्याचा दोषही आधी प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला होता. बाहेरची गर्दी कमी करण्यासाठी पोलिसांनी एक मोठा दरवाजा उघडला, पण उभ्या प्रेक्षकांसाठी कुंपण घालून केलेल्या, आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही, आणि त्या चेंगराचेंगरीने 97 बळी घेतले. प्रेक्षक दारू पिऊन उशिरा आले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा सोडला नाही, म्हणूनच 2016 मध्ये ज्यूरीने हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यामुळे झाल्याचा आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात दोष नसल्याचा निर्णय दिला. त्यासाठी 27 वर्षे लागली. इंडोनेशियात मलांग येथे 1 ऑक्टोबर 2022 रोजी पोलिसांनी प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला, लोक अरुंद दरवाजांकडे धावले आणि 135 जण दगावले. आपल्याकडे कोलकात्यात 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात 16 प्रेक्षकांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी रक्तदान होते.

गर्दी सोलापूरला नवी नाही. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीला वाट कशी करून द्यायची, हे इथल्या लहान मुलालाही कळते. त्यामुळे लोकांना शिस्त नव्हती, हे उत्तर मी मान्य करणार नाही.

प्रत्येक बाजूला किती माणसे बसू शकतात, किती तिकिटे विकली, परवानगी देण्यापूर्वी बाहेर पडण्याचे मार्ग प्रत्यक्ष कोणी पाहिले आणि सामन्याच्या वेळी किल्ली कोणाच्या हाती होती, हे चार प्रश्न मी आयोजकांना आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारले आहेत. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. खेळाला पाचपैकी चार तारे, व्यवस्थेला एक, आणि तोही पिण्याच्या पाण्याची सोय चांगली होती म्हणून. पुढच्या वर्षी तिकिटामागच्या त्या ओळीच्या जागी सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव छापलेले असेल, तर मी भाच्याला घेऊन पुन्हा येईन.