मामाच्या गावच्या प्रवासातली छागल: घेताना आणि वापरताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकरंबाळं घेऊन मामाच्या गावाला निघायचं म्हटलं की विदर्भात दशम्यांच्या आधी पाण्याची सोय बघावी लागते. बंडी, दमणी, जीप, एसटी, अशा प्रत्येक वाहनाला एकेकाळी कापडी छागल, म्हणजे पाणी गार ठेवणारी जाड कापडाची पिशवी, लटकलेली असायची. आजही दोर-ताडपत्रीच्या दुकानात आणि आठवडी बाजारात ती मिळते. उघड्या वाहनातून उन्हाचा प्रवास असेल तर तिच्या तोडीची दुसरी वस्तू नाही. मात्र कापड अस्सल सुती हवं. आजकाल फसगत होते ती नेमकी इथेच.

छागल पाणी गार करते ती माठासारखीच. जाड विणीतून पाणी हळूहळू पाझरतं, बाहेरचं कापड ओलं राहतं, वारा लागला की ती ओल उडते आणि उडताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. १ ग्रॅम पाणी उडायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. म्हणजे १ लिटरमधलं अवघं २० ग्रॅम पाणी उडालं तरी बाकीचं पाणी, बाहेरची धग सोडून हिशेब केला तर, ११-१२ अंशांनी उतरायला हवं. धग लागतेच, म्हणून प्रत्यक्षात पाणी जास्त उडतं. ५ लिटरच्या छागलीतून दोन-तीन तासांत अर्धा-पाऊण लिटर सहज जातं, तेवढं धरूनच भरावी. वैशाखातली आपली कोरडी हवा या कामाला एकदम योग्य. पावसाळ्यात, दमट हवेत, हीच छागल नुसती गळकी पिशवी होते.

नायलॉन किंवा पॉलिस्टरचं कापड दिसायला तसंच असतं, पण ते पाणी शोषत नाही. मग ते एकतर पाझरत नाही, नाहीतर शिवणीतून सरळ गळतं. ओळखायचं कसं? कापडावर पाण्याचे दोन थेंब टाका. सुती कापडात ते थोड्या वेळाने जिरतात. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणून जरा थांबा. तेवढ्याने खात्री पटली नाही तर दुकानदाराला विचारून शिवणीजवळचा एक सुटा धागा जाळून बघा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. शिवण दुहेरी हवी, तोंडाचा भाग कापडात घट्ट बसलेला हवा आणि बूच दोरीने बांधलेलं हवं. सुटं बूच हमखास हरवतं.

नवी छागल आणली की लगेच प्रवासाला नेऊ नका. रात्रभर बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, सकाळी पाणी फेका, पुन्हा भरून दिवसभर टांगा. असं दोन-तीनदा केलं की खळ निघते, कोऱ्या कापडाचा वास जातो आणि सूत फुगून शिवणीची भोकं बुजतात. पहिल्या दिवशी धार लागली म्हणून परत करायची घाई करू नका. तिसऱ्या दिवशी मात्र बघा: अंगभर सारखी ओल आणि खालच्या कोपऱ्यावर थेंब जमतोय, लोंबतोय, मग सावकाश पडतोय, असं असेल तर छागल चांगली. शिवणीतून धार सुरूच राहिली तर बदलून घ्या.

निघायच्या दिवशी पहाटे माठातलं गार पाणी भरा आणि बाहेरूनही कापड भिजवा, म्हणजे गारवा लगेच सुरू होतो. पाण्याला वाळ्याचा वास हवा असेल तर मुळ्या माठात टाका. छागलीत त्या तोंडाशी अडकतात. टांगायची जागा वाऱ्याची आणि शक्यतो सावलीची निवडा. इंजिन आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. एसटीत खिडकीच्या गजाला आतल्या बाजूने बांधा, बाहेर लटकवली तर समोरून येणाऱ्या वाहनाला घासू शकते. खाली गाठोडं किंवा कुणाचे पाय नकोत, थेंब पडणारच. काच लावून एसी चालवणाऱ्या कारमध्ये छागल नेऊच नका. तिथे पुरेसा वारा लागत नाही आणि सीट ओली होते, तिथे थर्मासच बरा.

छागल बिघडते ती बहुतेक वेळा निगेअभावी. काळ्या मातीची धूळ ओल्या कापडावर बसून छिद्रं बुजवते, म्हणून मुक्कामाला पोहोचलं की मऊ ब्रशने साध्या पाण्यात घासा. साबण किंवा डिटर्जंट अजिबात लावू नका. त्याचा अंश कापडात राहिला की पाणी भराभर बाहेर येतं, शिवाय चव जाते. तेलकट हातही नकोत, तेल लागलेली जागा भिजत नाही. पन्हं, सरबत, ताक आत घालू नका. गोडी-आंबटाचा अंश विणीत राहतो आणि बुरशी धरते.

लहानांसाठी २ लिटरची वेगळी घेणं सोयीचं. ५ लिटरची भरलेली छागल ५ किलोहून जड होते आणि लेकरांच्या हातून पेल्यात ओतताना अर्धं पाणी सांडतं.

सुट्टी संपली की बूच काढा, उलटी टांगून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. वरून कोरडी लागली तरी शिवणीच्या घडीत ओल राहते, तिथे बोट दाबून बघा. ओली घडी घालून ठेवली तर पुढच्या उन्हाळ्यात काळे ठिपके आणि कुबट वास नक्की. ठिपके आतून असतील तर ती प्यायच्या पाण्याला वापरू नका, नवी घ्या.