प्रशियाचा सिल्बरग्रोशन : नौपाड्यात मिळालेले एक नाणे

नौपाड्यातील जुन्या नाण्यांच्या एका छोट्या दुकानातून प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा १८६८ सालचा सिल्बरग्रोशन घेतला. पुढील बाजूस राजा पहिला विल्हेल्म याचा चेहरा असून मागे ‘तीस मिळून एक थालर’ (थालर म्हणजे तेव्हाचे मोठे जर्मन चांदीचे नाणे) अशा अर्थाचा जर्मन मजकूर व बर्लिनच्या टांकसाळीचे ‘ए’ हे अक्षर स्पष्ट वाचता येते.

पाकिटावर मात्र नुसतेच ‘चांदीचे नाणे’ असे लिहिले आहे आणि तेथेच ग्राहकाने सावध व्हावे. कारण यात चांदी जेमतेम बावीस टक्के, बाकी बहुतेक तांबेच. सव्वादोन ग्रॅमही न भरणाऱ्या या नाण्यात शुद्ध चांदी अर्ध्या ग्रॅमच्या आतच निघते, तर आपल्याकडची १८६२ची व्हिक्टोरिया राणीची पावली (पाव रुपया) २.९२ ग्रॅमची आणि सुमारे ९२ टक्के चांदीची. त्यामुळे चांदीच्या भावाने हिशेब करणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. राजाच्या गालावर आणि कानावरच्या केसांवर झिजेमुळे आलेली तांबूस झाक भिंगाखाली नीट दिसते. मला तर ती चकचकीत नाण्यापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

दुकानदारकाकांनी भिंग आणि वजनकाटा न मागता पुढे केला, घाई केली नाही, भावातही थोडी सवलत दिली. एवढ्या अनुभवी माणसाने त्याच ट्रेमधील इतर नाणी पावडरीने घासून का ठेवावीत, हे कळले नाही. ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत.